पडदा, पट्टिका आणि नाव : सेदू केईता यांच्या व्यक्तिचित्रांचा पुनःशोध व इतिहाससाधन म्हणून त्यांची चिकित्सा

१

इतिहासाच्या साधनांची चर्चा निघाली की सनदा, पत्रे, बखरी, शिलालेख, नाणी असा क्रम आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. छायाचित्राचा उल्लेख बहुधा शेवटी होतो, आणि तोही ग्रंथाच्या सजावटीचा भाग म्हणून. मजकूर संशोधकाने लिहावयाचा व चित्र प्रकाशकाने घालावयाचे, अशी एक अलिखित वाटणी झालेली दिसते. वास्तविक कोणत्याही कागदाला आपण जे प्रश्न विचारतो, तेच छायाचित्रालाही विचारता येतात. ते कोणी तयार केले? कोणासाठी? कोणत्या हेतूने? मूळ प्रत कोणती व नक्कल कोणती? मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात होते? या प्रश्नांची उत्तरे न शोधता छायाचित्राला 'त्या काळाचा आरसा' म्हणणे हे बखरीतील प्रत्येक वाक्य खरे मानण्यासारखेच होय.

प्रस्तुत लेखात एका विशिष्ट संग्रहाच्या आधारे या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. पश्चिम आफ्रिकेतील माली देशाची राजधानी बामाको येथे सेदू केईता या छायाचित्रकारांनी १९४८ ते १९६२ च्या सुमारास हजारो नागरिकांची व्यक्तिचित्रे घेतली. पुढे सुमारे तीस वर्षे ती बाहेरच्या जगाला अपरिचित राहिली. १९९० नंतरच्या दशकात ती पुन्हा उजेडात आली व जगभरच्या संग्रहालयांत पोचली. हा पुनःशोध बहुधा एका कलावंताच्या गौरवाची कथा म्हणून सांगितला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात दुसराच एक प्रश्न दिसावयास हवा. या पुनःशोधात चित्रकाराला त्याचे नाव परत मिळाले. परंतु चित्रात बसलेल्या माणसांना ते मिळाले काय?

२

प्रथम पार्श्वभूमी पाहू. आजचा माली हा १९६० पर्यंत 'फ्रेंच सुदान' या नावाने फ्रान्सच्या ताब्यात होता. बामाको हे १९०८ पासून त्या वसाहतीचे राजधानीचे नगर होते. डाकार बंदरापासून नायजर नदीपर्यंतचा लोहमार्ग १९२३-२४ मध्ये सलग झाला. त्यामुळे व्यापारी, कारकून, सैनिक व कामाच्या शोधातील तरुण यांची बामाकोत सतत ये-जा सुरू झाली. ज्या शहरात पुष्कळ माणसे आपल्या गावापासून दूर असतात, तेथे व्यक्तिचित्राला गिऱ्हाईक मिळते. घरी पाठवावयास फोटो लागतो, आणि आपण शहरात बरे चाललो आहोत हे त्या फोटोने सांगावे अशी अपेक्षा असते.

केईता यांचा जन्म १९२१ च्या सुमारास बामाकोत झाला. घरी सुतारकामाचा व्यवसाय होता व तेही लहानपणी तेच काम शिकले. त्यांना शाळेचे शिक्षण नव्हते. १९३५ मध्ये सेनेगलहून परतलेल्या चुलत्यांनी त्यांना एक छोटा कोडॅक ब्राउनी कॅमेरा आणून दिला. त्यात आठ चित्रांची फिल्म बसत असे. धुण्याछापण्याचे काम त्यांनी पिएर गार्निए या फ्रेंच व्यावसायिकाच्या दुकानाच्या आणि मुंतागा देंबेले या स्थानिक छायाचित्रकाराच्या आधाराने शिकून घेतले. १९४८ मध्ये बामाको-कुरा या वस्तीत, तुरुंगाच्या मागील बाजूस असलेल्या कुटुंबाच्या जागेत, त्यांनी आपला स्टुडिओ उघडला. रेल्वे स्थानक व बाजार तेथून जवळ होते, हा योग त्यांच्या धंद्याला फार उपकारक ठरला.

त्यांचे मुख्य साधन म्हणजे तिकाटण्यावर उभा करावयाचा, १३ × १८ सेंटीमीटर आकाराची सुटी फिल्म घेणारा मोठा कॅमेरा. या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रासाठी फिल्मची स्वतंत्र पट्टिका चढवावी लागते. ही फिल्म महाग असल्यामुळे केईता एका गिऱ्हाइकाचे बहुधा एकच चित्र घेत. बहुतेक कामे अंगणात, दिवसाच्या उजेडात होत. छापील प्रत वाढवून न काढता पट्टिका थेट कागदाला लावून, म्हणजे पट्टिकेच्याच आकाराची, काढण्याची पद्धत असे. तात्पर्य, गिऱ्हाइकाच्या हातात पडणारा फोटो तळहातापेक्षा थोडा मोठा असे. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९६० मध्ये माली स्वतंत्र झाला. त्यानंतर १९६२ च्या सुमारास केईता यांची सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली आणि लवकरच त्यांचा खाजगी स्टुडिओ बंद पडला. १९७७ मध्ये ते निवृत्त झाले. पट्टिका मात्र त्यांनी टाकून दिल्या नाहीत. त्या पेट्यांत राहिल्या.

३

१९९१ मध्ये न्यूयॉर्क येथील सेंटर फॉर आफ्रिकन आर्ट या संस्थेने सूझन वोगेल यांच्या मार्गदर्शनाखाली विसाव्या शतकातील आफ्रिकी कलेचे एक मोठे प्रदर्शन भरविले. त्यात बामाकोतील काही व्यक्तिचित्रे होती व त्यांखाली छायाचित्रकार 'अज्ञात' असे लिहिले होते. ती चित्रे पाहून संग्राहक जाँ पिगोत्सी यांच्यासाठी काम करणारे आंद्रे मान्यें हे फ्रेंच जाणकार बामाकोला गेले. तेथे त्यांना मलिक सिदिबे हे दुसरे थोर छायाचित्रकार भेटले आणि त्यांच्यामार्फत केईता यांचा पत्ता लागला. १९९४ मध्ये पॅरिसच्या कार्तिए प्रतिष्ठानात केईता यांच्या चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. त्याच वर्षी बामाकोत आफ्रिकी छायाचित्रणाचा द्वैवार्षिक मेळावा सुरू झाला. २००१ मध्ये केईता यांचे निधन झाले. २०१६ मध्ये पॅरिसच्या ग्रां पाले या भव्य वास्तूत त्यांची चित्रे पुन्हा मांडली गेली.

यातील 'अज्ञात' हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. केईता बामाकोत अज्ञात नव्हते. त्यांच्या दुकानातून गेलेल्या फोटोंवर त्यांच्या नावाचा शिक्का असे. शहरातील कितीतरी घरांत तो शिक्का असलेले फोटो होते. समव्यावसायिकांना तर ते पूर्ण परिचित होते. पट्टिकेवर मात्र शिक्का नसतो. म्हणजे वस्तूच्या ज्या रूपावर नाव होते ते घरांत राहिले व ज्या रूपावर नाव नव्हते ते परदेशी गेले. अज्ञातपणा हा चित्राचा गुण नव्हता. तो चित्राच्या प्रवासाचा परिणाम होता. जुन्या कागदपत्रांविषयी आपण 'कर्ता अज्ञात' असे लिहितो तेव्हा तो कोणाला अज्ञात आहे, आणि ज्यांना तो ज्ञात असू शकेल अशांना आपण विचारले आहे काय, हा प्रश्न स्वतःला करण्याची सवय या उदाहरणावरून लावून घ्यावी.

४

आता या चित्रांच्या कालनिर्णयाकडे वळू. पट्टिकांना सलग क्रमांक व तारखा असलेली वही हाताशी असती तर काम सोपे झाले असते. तशी नोंद नसताना केईता यांनी स्वतःच एक पद्धत सांगितली. त्यांच्या स्टुडिओतील पहिला पडदा म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पलंगावरील झालरीची चादर. ती १९५२ च्या सुमारापर्यंत वापरात होती. त्यानंतर दर दोनतीन वर्षांनी त्यांनी पडदा बदलला. फुलांच्या नक्षीचा एक, पानांच्या वेलबुट्टीचा दुसरा, आणि नंतर साधा करडा, असे हे पडदे आले. मागचा पडदा पाहून चित्र कोणत्या सुमाराचे आहे हे आपण सांगू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते.

नाणकशास्त्राच्या अभ्यासकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. एकाच साच्यातून निघालेली नाणी एका गटात लावावी आणि गटांचा परस्परक्रम ठरवावा, तसाच हा प्रकार. तथापि येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पडद्यांचा सापेक्ष क्रम हा बराच भक्कम पुरावा आहे. कारण पडदा ही वस्तू चित्रातच दिसते, हळूहळू विटते, फाटते, आणि तिच्यावरील डागही चित्रांची मागेपुढे मांडणी करण्यास उपयोगी पडतात. प्रत्यक्ष सन मात्र स्मरणावर आधारलेले आहेत, आणि ते स्मरण चाळीस वर्षांनंतरचे आहे. म्हणून 'झालरीचा पडदा हा फुलांच्या पडद्याआधीचा' हे विधान आणि 'हे चित्र १९५२ चे' हे विधान यांची खात्री सारखी नव्हे. दुसऱ्या विधानाला घरगुती प्रतींच्या पाठीमागे लिहिलेल्या तारखा, सोबतची पत्रे, चित्रातील वाहनाचा नमुना अशा स्वतंत्र पुराव्यांचा टेकू हवा. संग्रहालयांच्या पाट्यांवर पुष्कळदा हा भेद पुसला जातो आणि अंदाज हा निश्चित सन होऊन बसतो.

५

याहून अधिक जपून वापरावयाचा पुरावा म्हणजे चित्रातील वस्तू. केईता यांच्या स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी काही सामान ठेवलेले असे. त्यात युरोपीय पद्धतीचे पुरुषी पोशाख, टाय, टोपी, घड्याळ, फाउंटन पेन, रेडिओ, टेलिफोन, प्लॅस्टिकची फुले अशा वस्तू होत्या. स्कूटर होती, आणि पुढे स्वतः केईता यांची मोटारही कित्येक चित्रांत आली. भिंतीवर नमुन्याची चित्रे टांगलेली असत. ती पाहून गिऱ्हाईक आपल्याला कशी बैठक हवी ते सांगे आणि छायाचित्रकार तीत सुधारणा सुचवी.

त्यांचे एक प्रसिद्ध चित्र घ्या. पांढऱ्या पोशाखातील एक तरुण जाड काड्यांचा चष्मा लावून, हातात एकच फूल धरून समोर पाहत आहे. खिशाला पेन आहे. या चित्रावरून 'त्या काळी बामाकोतील तरुण चष्मा व पेन वापरीत' असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पेन स्टुडिओचे असू शकते, पोशाखही स्टुडिओचा असू शकतो. मांडीवर रेडिओ घेतलेल्या स्त्रीच्या घरी रेडिओ होताच असे नाही. मग हे चित्र इतिहासाला निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. प्रश्न मात्र बदलावा लागतो. त्या माणसाकडे काय होते हे चित्र सांगत नाही. आपल्याकडे काय आहे असे दिसावे, ही त्याची इच्छा ते सांगते. लेखणी हे साक्षरतेचे, घड्याळ हे नोकरीच्या वेळेचे, मोटार हे वेगाचे व ऐपतीचे चिन्ह होते. वसाहतीच्या अखेरच्या बारा-पंधरा वर्षांतील शहरी माणसाच्या आकांक्षांचा इतका सविस्तर पुरावा सरकारी दप्तरात सापडणे कठीण. स्टुडिओतील सामानाची यादी ही त्या आकांक्षांचीच यादी होय, आणि तीत कोणती वस्तू किती वेळा मागितली गेली हे पट्टिका मोजून ठरविता येते.

या चित्रांचे महत्त्व त्यांच्या आधीच्या चित्रांशी तुलना केल्यावाचून नीट कळत नाही. डाकार येथे स्थायिक झालेला एदमों फोर्तिए हा फ्रेंच छायाचित्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम आफ्रिकेत हिंडला व त्याने मोठ्या संख्येने चित्रपत्रे प्रसिद्ध केली. त्यांत माणसे आहेत, पण ती अमुक जातीचा पुरुष, तमुक प्रदेशातील स्त्री अशा नमुन्यांच्या रूपाने आहेत. आपल्याकडील 'द पीपल ऑफ इंडिया' हा १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेला ग्रंथ याच दृष्टीचा आहे. तेथे प्रत्येक चेहरा एका वर्गाचा पुरावा म्हणून मांडलेला असतो. केईता यांच्या अंगणातील व्यवहार याच्या नेमका उलट होता. तेथे बसणारा माणूस स्वतः पैसे देऊन, स्वतःच्या इच्छेने, स्वतः निवडलेल्या बैठकीत बसत होता. आपण कोणत्या वर्गाचे नमुने आहोत हे दाखविण्यासाठी तो आला नव्हता. आपण कोण आहोत हे आपल्या माणसांना दाखविण्यासाठी तो आला होता.

६

येथे या पुनःशोधातील खरा पेच समोर येतो. पॅरिस व न्यूयॉर्क येथे लावलेल्या प्रतींखाली चित्रकाराचे नाव असते, अंदाजे सन असतो, आणि शीर्षकाच्या जागी बहुधा 'विनाशीर्षक' असे असते. ज्या माणसाने पैसे देऊन आपली ओळख कागदावर उतरवून घेतली, तोच या व्यवहारात निनावी झाला. फोर्तिए याच्या चित्रपत्रात तो नमुना होता. संग्रहालयात तो आकृती झाला. आजचा प्रेक्षक पडद्याची नक्षी व वस्त्राची नक्षी यांच्या मेळाचे कौतुक करतो, आणि ते योग्यही आहे. तथापि नक्षीदार चादरीवर कोपर टेकून पहुडलेली ती स्त्री कोणाची मुलगी, कोणाची पत्नी, कोणत्या मोहल्ल्यातील, हे सांगू शकणारी माणसे बामाकोत होती, आणि दर वर्षी ती कमी होत आहेत.

प्रतीचे रूपही बदलले. मूळ फोटो लहान होता. कधी तो हाताने रंगविलेला असे. चौकटीत घालून तो घरात लावला जाई किंवा पाकिटातून नातेवाइकांकडे जाई. प्रदर्शनांसाठी १९९० नंतर काढलेल्या प्रती पुष्कळ मोठ्या व काळ्यापांढऱ्याचा विरोध ठळक केलेल्या आहेत. पट्टिका तीच असली तरी वस्तू ती नव्हे. हस्तलिखिताची मूळ प्रत आणि शंभर वर्षांनंतरची सुबक छापील आवृत्ती यांत जो भेद आपण करतो, तोच येथेही केला पाहिजे. घरगुती उपयोगाचा अभ्यास करावयाचा तर जुनी प्रतच पाहावी. पोशाखाचा तपशील पाहावयाचा तर मूळ पट्टिका पाहावी, कारण तीत कडेचा कापला गेलेला भागही शिल्लक असतो. नवी मोठी प्रत ही १९९० नंतरच्या कलाव्यवहाराचे साधन होय, आणि त्या दृष्टीने तिचाही अभ्यास व्हावा.

पट्टिकांच्या मालकीचा प्रश्नही याच बदलातून उद्भवला. ज्या वस्तूला तीस वर्षे बाजारमूल्य नव्हते तिला ते अचानक प्राप्त झाले. केईता यांच्या निधनानंतर पट्टिका कोणाच्या ताब्यात असाव्यात यावरून वाद झाले. त्यांच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. संशोधकाच्या दृष्टीने मुद्दा इतकाच, की पट्टिका आपल्या मूळ गावापासून दूर गेल्या म्हणजे त्यांना नावे देऊ शकणारी स्मृती व त्या पट्टिका यांची गाठ पडणे दुष्कर होते. लेखी दप्तर हलविले तरी त्यातील अक्षरे वाचता येतात. चेहरा मात्र ओळखणाऱ्याजवळच वाचता येतो.

७

याला पर्याय आहे, हेही मालीतच दिसून आले. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठ आणि बामाकोतील छायाचित्रणविषयक संस्था मेझों आफ्रिकेन द ला फोतोग्राफी यांनी २०११ पासून मलिक सिदिबे, अब्दुरहमान साकाली, मामादू सिसे, आदामा कुयाते व तिजानी सितू या छायाचित्रकारांच्या संग्रहांतील सुमारे एक लाख पट्टिका स्वच्छ करून, त्यांच्या अंकीय प्रती घेऊन, त्या नव्या वेष्टनांत ठेवण्याचे काम हाती घेतले. या योजनेत मूळ पट्टिका मालीतच राहतात, आणि नोंदी करणारी माणसे त्याच भाषा बोलणारी व त्याच शहराशी परिचित असतात. अंकीय प्रत कितीही दूर जाऊ शकते. तिच्यासाठी मूळ वस्तू हलविण्याची आवश्यकता नाही. केईता यांच्या पट्टिका उजेडात आल्या तेव्हा हे साधन इतके सुलभ नव्हते. आज ते आहे.

या कामाला कालमर्यादा आहे, ती दोन कारणांनी. पहिले कारण रासायनिक आहे. जुनी फिल्म नायट्रेटवर किंवा ॲसिटेटवर बनलेली असते. नायट्रेट ज्वालाग्राही असून कालांतराने चिकट व पिवळी पडते. कोडॅक कंपनीने तिचे उत्पादन १९५१ च्या सुमारास थांबविले. ॲसिटेट उष्णतेने व दमटपणाने कुजू लागले म्हणजे त्याला शिरक्यासारखा वास येतो, ते आक्रसते आणि वरचा जिलेटिनचा थर सुरकुततो. ही क्रिया एकदा सुरू झाली की उलटविता येत नाही. थंड व कोरड्या जागी ठेवून ती फक्त मंद करता येते. दुसरे कारण मानवी आहे. १९५५ मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीत आहे.

८

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या आरंभीच्या काळातील प्रमुख भारतीय छायाचित्रकारांपैकी होत. त्यानंतर जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी रंगविलेला पडदा, कुंडी, खुर्ची व फुलदाणी घेऊन स्टुडिओ उभे राहिले. लग्नानंतरची जोडपी, मॅट्रिक झालेला मुलगा, सैन्यात भरती झालेला भाऊ यांनी तेथे फोटो काढून घेतले. त्या स्टुडिओंच्या माळ्यांवरील पट्टिका हे त्या गावाच्या सामाजिक इतिहासाचे दप्तरच होय.

बामाकोच्या उदाहरणावरून या दप्तराच्या अभ्यासाचे काही नियम सांगता येतात. पट्टिका ज्या पेटीत व ज्या क्रमाने सापडतात तो क्रम आधी नोंदवावा, मग स्वच्छतेचे काम करावे. कारण क्रम हा स्वतःच पुरावा आहे. पाकिटावरील नाव, रक्कम, प्रतींची संख्या यांतील काहीही क्षुल्लक समजू नये. पडद्यांची व सामानाची स्वतंत्र सूची करून सापेक्ष कालक्रम लावावा आणि निश्चित सन स्वतंत्र पुराव्याशिवाय लिहू नये. चित्रातील वस्तू बसणाऱ्याची की स्टुडिओची, हे अनेक पट्टिकांत तीच वस्तू पुन्हा येते का हे पाहून ठरवावे. स्टुडिओच्या शिक्क्याच्या प्रती घरोघर शोधून त्यांची पट्टिकांशी गाठ घालावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रती काढून त्या गावातील वडीलधाऱ्या माणसांपुढे ठेवाव्यात व नावे लिहून घ्यावीत; ज्यांची चित्रे आहेत त्यांच्या घरच्यांची संमती घेतल्यावाचून ती प्रसिद्ध करू नयेत.

हा शेवटचा नियम केवळ सौजन्याचा नाही, तो पद्धतीचा आहे. नाव मिळाले की चित्राची गाठ जन्ममृत्यूच्या नोंदीशी, जमिनीच्या कागदाशी, शाळेच्या पटाशी घालता येते. नाव नसेल तर चित्र एकटे राहते व त्याचे वर्णन करण्यापलीकडे संशोधकाला काही करता येत नाही. केईता यांच्या पट्टिका वाचल्या, त्यांचे कर्तृत्व प्रस्थापित झाले, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु पट्टिका सापडणे हा पुनःशोधाचा अर्धा भाग होय. उरलेला अर्धा भाग ज्यांच्या स्मरणात आहे ती माणसे आज हयात आहेत, आणि त्यांच्याकडे जाण्याचे काम पुढच्या पिढीवर टाकता येण्यासारखे नाही.